कातडे खरवडण्याचा ओंडा : आपल्या व्यवसायाच्या इतिहासातील एक विसरलेले साधन



आपल्या स्मरणिकेत दरवर्षी गुणवंत विद्यार्थ्यांची नामावली असते, देणगीदारांची यादी असते, थोर पुरुषांची चरित्रे असतात. ते सर्व उचितच आहे. परंतु ज्या व्यवसायावर आपल्या कित्येक पिढ्या जगल्या, त्याची साधने कोणती होती, ती कोणत्या लाकडाची व कशी घडविली जात, याविषयी एखादा लेख या पानांत आल्याचे आमच्या स्मरणात नाही. याची कारणे उघड आहेत. कातडी कमावण्याचे नाव काढले की घाण, दुर्गंधी, गावकुसाबाहेरची वस्ती आणि अपमान एवढेच डोळ्यांपुढे उभे राहते. आज आपली मुले बँकेत, कचेरीत, रुग्णालयात आणि विद्यालयात कामाला आहेत. मागचे कशाला उकरावे, असे पुष्कळांना वाटते.

तथापि आपण लिहिले नाही म्हणून ते कोणीच लिहिले नाही, असे झालेले नाही. इंग्रज सरकारने १८८४ साली सोलापूर जिल्ह्याचे गॅझेटियर छापले. त्यात कातडी कमावणारी जात म्हणून आपली नोंद आहे. पुढे मुंबई इलाख्यातील चामड्याच्या धंद्यावर १९०३ साली जे. आर. मार्टिन यांनी आणि १९१० साली ए. गथ्री यांनी सरकारसाठी इंग्रजीत वृत्तांत लिहिले. म्हणजे आपल्या धंद्याविषयी लिहिणारे परके होते, वाचणारेही परके होते. ज्यांचे हात चुन्याने फुटले त्यांनी लिहिलेले मात्र काही नाही. ही उणीव एका लेखाने भरून निघणारी नव्हे. आरंभ म्हणून आम्ही एकच साधन निवडले आहे. ज्यावर कातडे पसरून त्याचे मांस खरवडून काढीत, तो लाकडी ओंडा. परदेशी कारखान्यांत त्याला बीम म्हणत. दिसावयास तो साधा लाकडाचा तुकडा. पण त्याच्या निवडीत आणि घडणीत किती विचार होता, हे पाहिले म्हणजे आपल्या पूर्वजांविषयीचे मत बदलल्यावाचून राहत नाही.

कक्कय्यांचा वारसा

शासनाच्या अनुसूचित जातींच्या यादीत आपली नोंद ढोर, कक्कय्या, कंकय्या, डोहोर अशा नावांनी आहे. मराठीत ‘ढोर’ या शब्दाचा दुसरा अर्थ काय, हे सांगावयास नको. गुरेढोरे हा जोडशब्द सर्वांच्या तोंडी आहे. शाळेच्या दाखल्यावरील हे नाव वर्गात मोठ्याने वाचले गेले की मुलाची मान खाली जात असे. पण याच नावामागे बाराव्या शतकातील एक थोर शरण उभे आहेत, ते म्हणजे डोहर कक्कय्या. परंपरा सांगते की ते मूळचे माळव्याचे. महात्मा बसवेश्वरांची कीर्ती ऐकून ते कल्याणास आले. व्यवसाय कातडी कमावण्याचा. ‘अभिनव मल्लिकार्जुन’ या मुद्रेची त्यांची मोजकीच कन्नड वचने आज उपलब्ध आहेत. स्वतः बसवेश्वरांनी आपल्या वचनांतून मादार चेन्नय्या आणि डोहर कक्कय्या यांचा उल्लेख वडीलधाऱ्या आप्तांचा करावा तसा केला आहे. राजाच्या भांडारावरील अधिकाऱ्याने कातडी कमावणाऱ्यास आप्त म्हणावे, ही त्या काळी सामान्य गोष्ट नव्हती.

ते कल्याण म्हणजे आजच्या बीदर जिल्ह्यातील बसवकल्याण. आपल्या सोलापूरचे शिवयोगी सिद्धरामेश्वर हेही त्याच काळातले आणि त्याच शरणमंडळात वावरलेले. कल्याणातील उलथापालथीनंतर शरण चहूकडे पांगले. कक्कय्यांनी बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्यात, कक्केरी येथे देह ठेवला, अशी श्रद्धा आहे. शरणांच्या शिकवणीत ‘कायक’ या शब्दाला फार मोठे स्थान आहे. प्रामाणिकपणे केलेले अंगमेहनतीचे काम हीच पूजा, असा त्याचा आशय. ओंड्यावर वाकून कातडे खरवडणारा माणूस या विचाराने पाहिला म्हणजे तो पूजेलाच उभा होता.

कातड्याची वाट

ओंड्याचे काम समजण्यासाठी आधी कातड्याची वाट समजून घ्यावी लागते. मेलेले जनावर गावाबाहेर ओढून नेणे व सोलणे हे काम बहुतेक ठिकाणी महार समाजाकडे लादलेले होते. ते कातडे कमावण्यासाठी आपल्याकडे येई आणि कमावलेले चामडे चांभार समाजाकडे जाऊन त्याच्या वहाणा होत. एकाच कातड्याने तीन समाज बांधलेले होते. दुर्दैवाची गोष्ट अशी की गावाने तिघांनाही दूर लोटले असताना हे तिघेही एकमेकांच्या हातचे पाणी पिण्यास कचरत. इतिहास लिहावयाचा तर ही गोष्टही लिहिली पाहिजे.

कातड्याचे तीन थर असतात. वर केस आणि पातळ साल. मध्ये जाड, चिवट तंतूंचा थर. आणि खाली मांस, चरबी व पापुद्रे. चामडे होते ते केवळ मधल्या थराचे. वरचा व खालचा थर काढून टाकणे ही सर्व विद्येची पहिली पायरी. म्हणून कातडे आधी स्वच्छ पाण्यात भिजवून त्यातील रक्त, माती आणि मीठ काढीत. मग ते चुन्याच्या हौदात टाकीत. आपल्या भागातल्या काळ्या जमिनीत चुनखडीचे खडे पुष्कळ. ते भाजून चुना करीत. चुन्याने केसांची मुळे सैल होत, कातडे फुगून येई आणि खालचे मांस पाते लावण्याजोगे ताठ होई. नंतर ते ओंड्यावर येई. आधी बोथट पात्याने केस काढीत, मग कातडे उलटून धारदार पात्याने मांस खरवडीत. त्यापुढे चुना धुऊन काढणे आणि शेवटी सालीच्या पाण्यात मुरवणे.

मांसाचा पापुद्रा राहिला तर काय बिघडते? सालीचे पाणी कातड्यात दोन्ही अंगांनी शिरावे लागते. पापुद्रा असला की त्या बाजूने ते शिरत नाही; आतील भाग कच्चा राहतो आणि पुढे तेथेच कुजतो. म्हणून सालीच्या हौदावर कितीही मेहनत घेतली, तरी ओंड्यावर झालेली हयगय भरून निघत नसे.

लाकडाची निवड

आता प्रत्यक्ष ओंड्याकडे वळू. सोलापूरचा मुलूख अवर्षणाचा. येथे सागाची राने नाहीत. शेताच्या बांधावर, ओढ्याच्या काठी आणि गावठाणात जी झाडे असतात, त्यांतूनच निवड करावयाची. बाभूळ, कडुनिंब, चिंच, आंबा आणि पाणथळ जागी जांभूळ, एवढाच काय तो पसारा.

ओंड्याच्या लाकडाकडून चार अपेक्षा असतात. ते कठीण असावे, म्हणजे पात्याने त्यावर चरे पडत नाहीत. त्याचे तंतू बारीक व दाट असावेत, म्हणजे पृष्ठभाग गुळगुळीत राहतो. पाणी आणि चुना यांना त्याने दाद देऊ नये. आणि त्याचा रंग कातड्यास लागू नये.

या चार कसोट्यांवर एकेक लाकूड घासून पाहावे. आंबा स्वस्त आणि घडविण्यास सोपा; पण तो पाणी पिऊन फुगतो, त्याचे तंतू उभे राहतात आणि तो लवकर कुजतो. ओंड्यासाठी तो बाद. बाभूळ गाडीच्या चाकाला आणि नांगराला लागते, इतकी ती मजबूत. परंतु तिच्यात कषायरस असतो. कातडे कमावणारा जो रस आपण तिच्या सालीतून घेतो, त्याच जातीचा हा रस. चुन्याने भिजलेल्या ओल्या कातड्यास तो लागला की तपकिरी डाग पडतो. म्हशीच्या जाड कातड्यास तो डाग खपून जाईल, पण शेळीच्या उजळ कातड्यास खपणार नाही. यावर उपाय एकच. नवा ओंडा पाण्यात बुडवून ठेवावा, पाणी पुनःपुन्हा बदलावे आणि पाण्याला रंग येईनासा झाल्यावरच तो कामास घ्यावा.

कडुनिंबाला कीड सहसा लागत नाही. मात्र त्याचे तंतू पुष्कळदा पिळलेले असतात, म्हणून सरळ बुंधा शोधावा लागतो. चिंचेचा गाभा फारच कठीण आणि दाट. खाटकाचा ठोकळा चिंचेचाच असतो, तो याच गुणामुळे. पण तिच्यावर सुताराची हत्यारे बोथट होतात आणि तिच्या गाभ्याचा मोठा तुकडा मिळणे कठीण. जांभूळ पाण्यात दीर्घकाळ टिकते. जुने लोक विहिरीच्या तळाशी त्याचे लाकूड वापरीत. सागाचे लाकूड या सर्वांत निर्धोक खरे, परंतु ते बाहेरून आणावयाचे आणि मोलाचे.

झाड कोणतेही असो, गाठ नसलेला बुंधा पाहणे ही सर्वांत मोठी अट. लाकडातील गाठ भोवतालच्या लाकडापेक्षा कठीण असते. वापराने भोवतालचे लाकूड झिजते, गाठ झिजत नाही. तेथे उंचवटा राहतो. त्या उंचवट्यावर कातडे ताणले गेले आणि वरून पाते फिरले की नेमके तेथेच भोक पडते. ओंड्याला चीर असली तरी तोच परिणाम उलट रीतीने होतो. चिरेत कातड्याची वळी बसते आणि पाते ती वळी कापून जाते.

ओंड्याची घडण

लाकूड कापल्याबरोबर घडवू नये. बाहेरचे पांढरे, कोवळे लाकूड तासून काढावे आणि ओंडा सावलीत सुकू द्यावा. दोन्ही टोकांना शेणमाती लिंपली म्हणजे टोके आधी सुकून तडकत नाहीत. उन्हात घाईने सुकविलेला ओंडा पहिल्याच वर्षी उकलतो.

आकाराचे गणित असे. लांबी साधारण पाच ते सहा फूट. म्हशीच्या कातड्यासाठी रुंद ओंडा, तर शेळ्यामेंढ्यांच्या कातड्यासाठी त्याहून अरुंद. वरचे अंग अर्धगोल, खालचे सपाट. एक टोक जमिनीवर, दुसरे कैचीसारख्या दोन पायांवर टेकलेले. वरच्या टोकाची उंची काम करणाराच्या कमरेइतकी. कातड्याची कड वरच्या टोकावरून आत घ्यावयाची, पोटाने ती ओंड्याशी दाबून धरावयाची आणि दोन मुठींचे पाते दोन्ही हातांनी खाली लोटावयाचे, अशी कामाची रीत. म्हणूनच ओंडा दुसऱ्याच्या मापाचा चालत नाही. उंच माणसाने ठेंगण्या ओंड्यावर काम केले तर दिवसाअखेर त्याची कंबर धरते. ठेंगण्या माणसाने उंच ओंड्यावर केले तर हातांना जोर येत नाही.

पृष्ठभाग गोल का ठेवावा, हा प्रश्न विद्यार्थ्यांस विचारण्याजोगा आहे. सपाट दगडावर किंवा फळीवर कातडे पसरले तर पात्याची सर्व लांबी एकदम टेकते. जोर विखुरला जातो आणि पात्याची टोके कातड्यात रुततात. ओंडा गोल असला की पाते एका अरुंद पट्टीवरच टेकते. थोड्या जोरात पुष्कळ काम होते, टोके हवेत राहतात आणि खरवडलेले मांस व पाणी उताराने आपोआप खाली घसरते. ज्यांनी भूमितीचे पुस्तक कधी उघडले नाही, त्यांच्या हातांना हे ठाऊक होते.

वाकसाने तासून व रंध्याने साफ करून झाल्यावर काचेच्या तुकड्याने घासून पृष्ठभाग तळहाताला लागणार नाही इतका गुळगुळीत करावा. डोळ्यांपेक्षा तळहात येथे अधिक विश्वासाचा. डोळ्यांस न दिसणारा खडबडीतपणा हाताला कळतो.

आणि सर्वांत महत्त्वाची सूचना लोखंडाविषयीची. पाय जोडताना किंवा चीर बुजविताना ओंड्याच्या वरच्या अंगास लोखंडी खिळा लावू नये; बाभळीच्या अथवा बांबूच्या खुंट्या ठोकाव्या. ओल्या लोखंडाचा गंज कातड्यास लागतो आणि पुढे तेच कातडे सालीच्या रसात गेले की त्या ठिकाणी निळसर काळा डाग उमटतो. लोह आणि कषायरस यांच्या संयोगाने काळा रंग होतो, हे रसायनशास्त्र सांगते. जुन्या काळी लिहिण्याची शाई याच रीतीने, हिराकस आणि हिरडा वापरून करीत असत. म्हणजे पंतोजींच्या दौतीतील शाई आणि ओंड्यावरील डाग ही एकाच क्रियेची दोन रूपे. पंतोजींना त्याबद्दल मान मिळाला. आपल्या माणसाला मात्र शाळेची पायरीही चढू दिली नाही.

काम संपल्यावर ओंडा धुऊन, सावलीत, ओल्या गोणपाटाखाली ठेवावयाचा. दिवसभर भिजलेला ओंडा रात्रंदिवस उघड्यावर पडला की तडकतो. खरवडलेले मांसही वाया जात नसे. त्यापासून सरस होतो. केसांचाही उपयोग होतो. काहीही न टाकण्याची ही शिस्त गरिबीने शिकविली असेल, पण ती शिस्तच होती.

एका भोकाची किंमत

ओंड्याविषयी एवढी काटेकोरी कशासाठी? तिचे उत्तर आपल्या कमावण्याच्या पद्धतीत आहे. खरवडून धुतलेले कातडे शिवून त्याची पिशवी करीत. तिच्यात कुटलेली साल आणि सालीचे पाणी भरून ती टांगीत. पाणी कातड्यातून हळूहळू पाझरे, खाली जमे आणि पुन्हा पिशवीत ओतले जाई. काही दिवसांनी पिशवी उलटी करून टांगीत. साल बाभळीची किंवा तरवडाची. तरवड तर आपल्या माळरानावर विपुल. हिरडा सह्याद्रीच्या घाटमाथ्यावरून येई. साल कुटणे, पाणी भरणे, पिशव्यांवर लक्ष ठेवणे यांतील मोठा भार आपल्या आयाबहिणींवर होता. धंद्याचा इतिहास सांगताना पुरुषांचीच नावे घेण्याची चूक आपण तरी करू नये.

आता विचार करा. ओंड्याच्या एका गाठीमुळे कातड्यास भोक पडले, तर त्या पिशवीतून रस गळून जाई. बाजारात तर ते कातडे लपतच नसे, कारण त्या काळी जाड कातड्याचे मोठे गिऱ्हाईक होते मोट. सोलापूर जिल्ह्यातील बागायत विहिरीवर आणि विहीर मोटेवर अवलंबून. एका खेपेस शंभर लिटरांहून अधिक पाणी वर आणणारी चामड्याची मोट आणि तिची सोंड गळू लागली, तर बैलांची अर्धी मेहनत पुन्हा विहिरीत पडे. उसाला, भाजीपाल्याला पाणी पुरत नसे. शेतकरी गळकी मोट परत आणून टाकी आणि तोंडाने जे बोले ते वेगळेच. म्हणून भोक न पडू देणे हा आपल्या घरांचा पत राखण्याचा प्रश्न होता. ज्या हातांचा स्पर्श विहिरीच्या पाण्यास चालत नव्हता, त्याच हातांनी कमावलेल्या मोटेतून आलेले पाणी अवघा गाव पीत होता. या एका वाक्यात अस्पृश्यतेचा सर्व खोटेपणा सामावलेला आहे, असे आम्हांस वाटते.

काळाचे फेरे

१८६० साली सोलापूरला रेल्वे आली आणि कच्ची कातडी गाडीत भरून दूरच्या पेठांत जाऊ लागली. १८७६ ते १८७८ च्या भीषण दुष्काळात दख्खनची गुरे अतोनात मेली. कातड्याचे ढीग पडले. परंतु मोट घेणारा शेतकरीच देशोधडीला लागलेला. पुढे १८७७ साली सुरू झालेल्या जुन्या मिलपासून सोलापुरात कापडगिरण्या वाढल्या. गिरण्यांना यंत्रांचे पट्टे, मागाच्या धोट्याला फटका देणारे म्हशीच्या कच्च्या कातड्याचे ठोके आणि रुळांवर चढवावयाची मेंढीची मऊ कातडी लागे. पण असा माल कारखान्यांतून येई आणि आपल्यातील पुष्कळ जण कातडे सोडून त्याच गिरण्यांच्या दारात मजुरीस उभे राहिले. काही कुटुंबे मुंबईस धारावीत गेली. तेथील ढोरवाडा हे नाव आजही त्याची साक्ष देते.

इकडे विज्ञानही पुढे सरकत होते. १८८४ साली अमेरिकेत ऑगस्टस शुल्ट्झ यांनी क्रोमच्या क्षारांनी कातडे कमावण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले. सालीला जेथे आठवडे आणि महिने लागत, तेथे क्रोमला दिवस पुरू लागले. विसाव्या शतकाच्या आरंभी मद्रासेत आल्फ्रेड चॅटर्टन यांनी ही पद्धत आपल्या देशात रुजविली. खरवडण्याचेही यंत्र निघाले. त्यात सर्पिल पाती बसविलेला दंडगोल वेगाने फिरतो आणि कातड्यास खालून रबरी रुळाचा आधार मिळतो. तो रबरी रूळ म्हणजे आपला ओंडाच होय. गोलाई तीच, गुळगुळीतपणाची अटही तीच. १९४८ साली मद्रास येथे केंद्रीय चर्म संशोधन संस्था स्थापन झाली. एकेकाळी ज्या कामाला शिवू नये म्हणत, त्याचा अभ्यास तेथे सर्व जातींचे पदवीधर करू लागले.

आपल्या धंद्यावर शेवटचा घाव मात्र पंपाने घातला. आधी लोखंडी पत्र्याच्या मोटा आल्या. १९४६ साली पुण्यात किर्लोस्कर ऑईल इंजिन्स ही कंपनी निघाली. मग विजेचे पंप आले. १९८० साली भीमेवरील उजनी धरण पूर्ण झाले आणि कालवे वाहू लागले. चामड्याची मोट वस्तुसंग्रहालयात गेली. मोट गेली तशी जाड कातड्याची मागणी गेली आणि अंगणातला ओंडा कधीतरी चुलीत गेला. लाकूडच ते, जळून गेले की मागे काही उरत नाही. पुढे २०१५ साली महाराष्ट्रात गोवंशहत्याबंदीचा विस्तारित कायदा अमलात आला. त्यानंतर बैलांच्या कातड्यांचा पुरवठा आणखी आटला.

सोडावा की सुधारावा

व्यवसाय सोडावा की सुधारावा, हा वाद आपल्या वाडवडिलांनी प्रत्यक्ष भोगला. १९२७ साली महाड येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मृत जनावरांचे मांस खाणे आणि ती ओढण्याचे काम सोडून देण्याचा उपदेश केला. जन्माने लादलेले काम जोवर आपण मुकाट करू, तोवर लादणारा ते लादतच राहील, हा त्यातील विचार. दुसरीकडे महात्मा गांधींच्या प्रेरणेने वर्ध्याजवळ नालवाडी येथे गोपाळराव वाळुंजकर यांनी चर्मालय चालविले. मेलेल्या जनावरांची कातडी शास्त्रशुद्ध रीतीने कमावावी आणि त्या कामाला प्रतिष्ठा द्यावी, हा त्यांचा प्रयत्न. सवर्ण कार्यकर्त्यांनी तेथे स्वतः कातड्याला हात लावला, ही गोष्टही खरी.

या दोन्ही वाटांचे मोल जाणूनही आमचे मत स्पष्ट आहे. जन्मामुळे गळ्यात पडलेले काम सोडण्याचा हक्क हा पहिला. तो हक्क हाती आल्यावर कोणी ते काम आवडीने केले, तर त्याची शोभा आहे. हक्क नसताना त्याला प्रतिष्ठा म्हणणे ही क्रूर थट्टा होय. २६ जानेवारी १९५० रोजी अमलात आलेल्या राज्यघटनेच्या सतराव्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली आणि १९५५ च्या कायद्याने ती पाळणे गुन्हा ठरविले. आपल्या मुलांनी ओंडा सोडून लेखणी घेतली, ते या दाराने. त्याचा आम्हांस आनंदच आहे.

परंतु काम सोडणे वेगळे आणि त्यातील ज्ञान विसरणे वेगळे. याचे एक ताजे उदाहरण घ्यावे. २०१९ साली कोल्हापुरी चपलेस भौगोलिक मानांकन मिळाले. त्यात महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा आणि आपला सोलापूर हे चार जिल्हे व कर्नाटकातील चार जिल्हे समाविष्ट आहेत. जून २०२५ मध्ये प्राडा या इटलीतील धनाढ्य कंपनीने मिलान येथील प्रदर्शनात तशाच चपला मांडल्या आणि प्रथम त्यांचे मूळ सांगितले नाही. आपल्याकडे हाकाटी झाली, तेव्हा त्या भारतीय कारागिरीवर बेतलेल्या आहेत, हे त्या कंपनीस मान्य करावे लागले. हे कशामुळे साधले? नोंद झालेली होती म्हणून. चपलेची नोंद होती, म्हणून चपलेचा मान राखता आला. त्या चपलेच्या तळाशी जे सालीचे कमावलेले चामडे असते, त्याच्या पद्धतीची, त्याच्या ओंड्याची आणि ते करणाऱ्या घरांची तशी नोंद आपण करून ठेवली आहे काय?

समाजास विनंती

म्हणून या लेखाच्या अखेरीस आम्ही आपल्या मंडळापुढे आणि प्रत्येक कुटुंबापुढे काही सूचना ठेवतो. ज्या घरात सत्तरी-ऐंशीच्या पलीकडचे आजोबा-आजी आहेत, त्यांनी त्यांच्याजवळ एक दिवस बसावे. ओंडा कोणत्या लाकडाचा होता, तो कोणी घडविला, पात्याला काय म्हणत, साल कोठून आणीत, किती दिवस मुरवीत, भोक पडले तर कसे बुजवीत, हे विचारून वहीत लिहून घ्यावे. प्रत्येक गावचे शब्द निराळे असतील. कोणी कन्नड शब्द सांगेल, कोणी मराठी. ते जसेच्या तसे लिहावे, सुधारू नयेत. घरात एखादे जुने पाते, मोटेचा तुकडा किंवा वजनाचा दगड असेल तर तो भंगारात न देता मंडळाकडे द्यावा. रसायनशास्त्र शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींनी त्या वह्या वाचून त्यातील प्रत्येक रीतीमागचे कारण शोधावे आणि पुढील स्मरणिकांत मराठीत मांडावे. १९०३ आणि १९१० चे इंग्रजी वृत्तांत मिळवून आपल्या दृष्टीने तपासण्याचे कामही त्यांचेच आहे. परक्यांनी काय पाहिले आणि काय त्यांच्या नजरेतून सुटले, हे आपल्याच माणसाला कळेल.

यापासून कोणालाही पुन्हा त्या कामाकडे वळवावे, असा आमचा हेतू नाही. हेतू एवढाच की आपल्या नातवाने शाळेत जातीचे नाव ऐकले, तर त्याची मान खाली जाऊ नये. त्याला सांगता यावे की आमच्या पणजोबांना लाकडाची पारख होती, लोखंडाचा आणि सालीचा संबंध ठाऊक होता, आपल्या शरीराच्या मापाचे साधन घडविता येत होते आणि त्यांनी कमावलेल्या मोटेने या कोरड्या जिल्ह्यातील मळे भिजविले. कक्कय्यांचे नाव आपण अभिमानाने घेतो. ज्या ओंड्यावर अशा कायकाचे घाम गळले, त्याचे नाव घेण्यासही आता आपण लाजू नये.